आकडा कुठून आला?

जुलै लागला की मोबाइलवर दोनच जाहिराती दिसतात, रेनकोटच्या आणि रिटर्न भरून देणाऱ्या अ‍ॅपच्या. मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी विचारतंच : कुठलं अ‍ॅप चांगलं?

पगार, एक घर आणि चार एफडी एवढाच पसारा असेल, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. कुठलंच नको, सरकारी पोर्टल पुरे. ‘सहज’ म्हणजे आयटीआर-1 तिथे फुकट मिळतो आणि अर्धाअधिक भरूनच समोर येतो. पोर्टलची लोकांना जी धास्ती आहे ती 2021 सालची. 7 जूनला नवं पोर्टल आलं आणि इतकं रखडलं, की ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने ते तयार करणाऱ्या इन्फोसिसच्या प्रमुखांना जाब विचारायला बोलावून घेतलं. तेव्हा अ‍ॅपकडे वळलेले काही जण अजून परतलेले नाहीत. आता मुदतीचे शेवटचे दिवस सोडले तर पोर्टल नीट चालतं.

खरी मेहनत रिटर्न भरण्याआधीची आहे. पोर्टलवरून एआयएस म्हणजे वार्षिक माहिती विवरण उतरवून घ्यायचं. त्या फाइलचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्याला लागून जन्मतारीख. भावकीतल्या चौकस काकूंनाही नसेल एवढी आपली खबर त्या पीडीएफमध्ये असते : बचत खात्याचं व्याज, लाभांश, विकलेले म्युच्युअल फंड. आईच्या पैशांची, पण पहिलं नाव तुमचं असलेली एफडी असेल, तर तिचं व्याजही तुमच्याच नावावर दिसतं. बँकेने दहा टक्के टीडीएस कापला म्हणजे विषय मिटला, असं कित्येकांना वाटतं. तुम्ही तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर उरलेला कर तुम्हालाच भरायचा असतो. पासबुक आणि एआयएस शेजारी ठेवून हे पडताळायचं काम कुठलंही सॉफ्टवेअर करत नाही. त्याच्याकडे तुमचं पासबुक नसतं.

शेअर्स असतील तर गोष्ट वेगळी. वडिलांनी कधीकाळी घेतलेले शेअर विकले, की आयटीआर-2 मध्ये प्रत्येक कंपनीची वेगळी ओळ आणि 31 जानेवारी 2018 चा भाव लागतो. वर्षभर खरेदी-विक्री करणाऱ्याने हे हाताने भरत बसू नये. क्लिअरटॅक्स, क्विको अशी सॉफ्टवेअर ब्रोकरची फाइल ओढून घेतात. तिथे मोजलेले पैसे वसूल होतात.

निवडताना मी एकच गोष्ट बघते. पडद्यावरच्या कुठल्याही आकड्यावर बोट ठेवलं, तर तो कुठून आला हे दिसतं का? जुन्या आणि नव्या पद्धतीचा कर ओळीओळीने समोरासमोर मांडला आहे, की नुसतंच ‘तुमच्यासाठी नवी उत्तम’? घरभाडं आणि 80सीच्या भरवशावर असलेल्यांना हे नीट बघावंच लागतं. पगारदाराची मुदत हुकली, तर त्या वर्षी जुनी पद्धत मिळतच नाही. आणि कोपऱ्यात हिरवा रिफंड फुगवत ‘आणखी वजावट जोडा’ म्हणणारं अ‍ॅप मी तिथेच बंद करते. भाडं दिलं नाही, देणगी दिली नाही, तर ते जोडायचं कशाला? खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणाऱ्यांवर प्राप्तिकर खात्याने जुलै 2025 मध्ये देशभर छापे घातले. पण नोटीस येते ती पॅन ज्याचा त्याला, मध्यस्थाला नाही.

पोर्टलचा पासवर्ड कुणालाही देऊ नका, अगदी ओळखीच्या ‘रिटर्नवाल्या’लासुद्धा. आणि ‘सबमिट’ झाल्यावर अ‍ॅपने कितीही फुगे उडवले तरी लॅपटॉप मिटायची घाई नको. ई-व्हेरिफिकेशन बाकी असतं. त्याला 30 दिवस मिळतात, पण आधारचा ओटीपी दोन मिनिटांत येतो. तेवढं त्याच बैठकीत उरकून घ्या.