दार बंद कोणी केलं?

पहिलं बाळंतपण सिझर झालेली एखादी बाई दुसऱ्या खेपेला म्हणाली, "या वेळी मी दवाखान्यात जाणार नाही, घरीच बाळंत होणार," तर भोवतालचं जग काय बोलतं ते आपल्याला ठाऊक आहे. वेड लागलंय हिला. यूट्यूब पाहून डोकं फिरलंय. बाळाच्या जिवाशी खेळ चाललाय. पण एवढं सगळं बोलणाऱ्यांपैकी एकजणही तिला विचारत नाही, की बाई गं, तुला असं का वाटलं?

मला वाटतं, हा प्रश्न आपण मुद्दामच टाळतो. कारण उत्तर आपल्यालाच अडचणीत आणणारं आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मला ते उत्तर दिलं. तिचं पहिलं सिझर एका खाजगी दवाखान्यात झालं. का झालं, ते तिला कोणी नीट सांगितलं नाही. दुसऱ्या खेपेला तिने तीन ठिकाणी जाऊन विचारलं, "मला नॉर्मलचा प्रयत्न करता येईल का?" तिन्हीकडे एकच उत्तर मिळालं : एकदा सिझर म्हणजे पुन्हा सिझरच, तारीख कोणती धरू ते सांगा. ती मला म्हणाली, "बाई, घरात बाळंत व्हायची मला हौस नाही. पण घर सोडून कुठेच माझं ऐकून घेत नाहीत, त्याला मी काय करू?"

आता हे 'एकदा सिझर म्हणजे कायम सिझर' आलं कुठून ते पाहू. १९१६ साली न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन नावाच्या डॉक्टरांनी ते लिहिलं. त्या काळी गर्भाशयावर वरच्या भागात उभा छेद घेत असत, आणि तो पुढच्या कळांमध्ये फाटण्याची भीती मोठी होती. क्रेगिन यांचा रोख तर पहिलं सिझर उगाच करू नका, असं बजावण्याकडे होता! पुढे गर्भाशयाच्या खालच्या भागातला आडवा छेद रूढ झाला आणि चित्र पालटलं. पण इशाऱ्यातला इशारा गळून पडला आणि उरलं ते फक्त घोषवाक्य. शंभर वर्षांनंतरही ते आपल्याकडे वेदवाक्यासारखं ऐकवलं जातं.

आजचं वैद्यकशास्त्र काय म्हणतं? ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची २०१५ ची मार्गदर्शक सूचना सांगते, की एकदा सिझर झालेल्या ज्या बायका नॉर्मलचा प्रयत्न करतात, त्यांतल्या शंभरातल्या ७२ ते ७५ जणींना ते साधतं. जुना छेद उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एक. आणि सिझरमागून सिझर करत जाणंही बिनधोक नव्हे, दर वेळी पुढच्या गरोदरपणात वार व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढत जातो. ही दोन्ही पारडी बाईसमोर ठेवली पाहिजेत. आपल्याकडे एकच ठेवतात.

का ठेवतात, याचा थोडा अंदाज २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून येतो. देशात सरकारी दवाखान्यांतल्या बाळंतपणांत सिझरचं प्रमाण १४.३ टक्के आणि खाजगीत ४७.४ टक्के. अडलेल्या बायका खाजगीत जास्त जातात असं म्हटलं, तरी तिपटीहून मोठा फरक नुसत्या अडण्याने पडत नाही. कळांची वाट पाहायला रात्र रात्र माणूस लागतं, सिझर तासाभरात उरकतं.

असो. माझं म्हणणं कोणी विपर्यस्त करू नये म्हणून स्पष्ट लिहिते. दोनशेत एक हा आकडा लहान दिसतो, पण त्या एकीला काही मिनिटांत शस्त्रक्रियेची खोली आणि रक्त लागतं, आणि ते घरी नसतं. म्हणूनच तेच रॉयल कॉलेज सांगतं, की असा प्रयत्न सर्व सोय असलेल्या रुग्णालयातच करावा. हे त्या बाईला न लपवता, न धमकावता सांगायलाच हवं.

पण सांगून झाल्यावर काय? ब्रिटनमध्ये सर्वसाधारण रीत अशी, की सगळं ऐकूनही बाई घरीच म्हणाली, तर तिला वाऱ्यावर सोडत नाहीत. रीतसर शिकलेली मिडवाइफ तिच्याशी बसून योजना ठरवते आणि कुठल्या खुणा दिसताच रुग्णालय गाठायचं ते आधीच लिहून ठेवते. आपल्याकडे अशा बाईला रागावून बाहेर काढतात. मग ती जाते कोणाकडे? जो कोणी "मी आहे" म्हणेल त्याच्याकडे. २०२४ साली केरळात तिरुवनंतपुरममध्ये आधी सिझर झालेली एक बाई घरीच प्रसूती होताना बाळासह दगावली. नवऱ्याला आणि ॲक्युपंक्चर करणाऱ्याला अटक झाली. नवऱ्याने दवाखान्यात जाऊ दिलं नाही, असा आरोप होता. नवऱ्याच्या हट्टाला बाईची निवड म्हणायचं नाही, हेही मला ठणकावून सांगायचं आहे. पाठिंबा तिच्या निर्णयाला द्यायचा, तिच्या नावाने दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयाला नव्हे.

माझ्या विद्यार्थिनीला शेवटी एका सरकारी रुग्णालयात डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी जुने कागद मागवले, छेद कसा आहे ते पाहिलं आणि प्रयत्न करू म्हणाल्या. चौदा तासांनी बाळाचे ठोके मंदावले आणि सिझरच करावं लागलं. तरी ती समाधानी आहे. का, तर प्रत्येक पायरीवर तिला विचारलं गेलं.

म्हणजे भांडण सिझरशी नाहीच. रुग्णाला पुरेशी माहिती देऊन संमती घ्या, असं आपलं सर्वोच्च न्यायालय २००८ सालीच सांगून बसलंय. मिडवाइफ तयार करण्याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारने २०१८ साली काढली. त्या प्रत्येक तालुक्यात दिसू देत. प्रत्येक दवाखान्याने आपलं सिझरचं प्रमाण दाराशी लावावं. सिझर का केलं ते बाईच्या हातात लेखी द्यावं. आणि पुढच्या खेपेला प्रयत्न करू इच्छिणारीला जिल्ह्यात निदान एक दार उघडं असावं.

एवढं करा, आणि मग बघा किती जणी घरी बाळंत व्हायचा हट्ट धरतात ते. थोड्या धरतीलही, त्यांच्याही सोबतीला कोणीतरी जाणतं असलं पाहिजे. बाकीच्यांना मुळात घर नकोच होतं.