पाट्या बदलल्या, पायऱ्या त्याच!

औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, जळगाव रस्त्याने निघाले की हर्सूल लागते. या हर्सूलमध्ये तीन गोष्टी आहेत. एक तलाव, ज्याचे पाणी जुन्या शहराने प्यायले. एक मध्यवर्ती कारागृह. आणि अलीकडच्या काळातले कचरा प्रक्रिया केंद्र. शहराला जे हवे होते ते हर्सूलने दिले आणि शहराला जे नको होते तेही हर्सूलनेच सांभाळले. पाणी, तुरुंग आणि कचरा ही तिन्ही कामे आहेत. ती करणारी माणसे आहेत. आज सगळीकडे 'प्रोफेशनल व्हा' असा जो घोष चालला आहे, त्याचा अर्थ पंचतारांकित हॉटेलातल्या परिसंवादात कळणार नाही. तो हर्सूलच्या नाक्यावर उभे राहिले की कळतो.

व्यावसायिकता म्हणजे काय? ज्याने एखाद्या कामाचे शिक्षण घेतले, त्या कामात ज्याचा शब्द प्रमाण मानला जातो, ज्याला वरिष्ठालाही 'हे नियमात बसत नाही' असे सांगता येते आणि तसे सांगितल्यामुळे ज्याची भाकरी जात नाही, तो व्यावसायिक. डॉक्टर, वकील, अभियंता, प्राध्यापक यांना समाजात मान मिळाला तो या तीन गोष्टींमुळे: ज्ञान, निर्णयाचा अधिकार आणि नोकरीची हमी. यातली एक जरी काढून घेतली तरी मागे उरतो तो केवळ हुकमाचा ताबेदार.

आमच्या समाजासाठी व्यवसाय ही नुसती पोटाची सोय कधीच नव्हती. ती जातीच्या कोंडवाड्यातून बाहेर पडण्याची वाट होती. पण वाट सरळ नव्हती, हे बाबासाहेबांच्याच आयुष्याने दाखवून दिले. परदेशातली पदवी घेऊन 1917 साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तर शिपाई त्यांच्या टेबलावर फाईली लांबून फेकत. शहरात राहायला जागा मिळाली नाही. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर सहकारी प्राध्यापकांना त्यांनी सामाईक भांड्यातले पाणी घेतलेले खपले नाही. पदवी आधुनिक, संस्था आधुनिक, पण आतली पायरी मात्र मनूची! म्हणूनच बाबासाहेब केवळ 'शिका' म्हणून थांबले नाहीत. नेमणुकीचा हक्क कायद्यात बसवला पाहिजे, हे त्यांनी ओळखले आणि घटनेच्या 16 व्या कलमात तो बसवला.

फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन शत्रूंची नावे घेतली, हे आपण नेहमी सांगतो. पण त्याच भाषणातला तपशील आपण विसरतो. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून रुळावर चालत होता, पण त्याला पोर्टर होता येत नव्हते. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागत आणि घरात अस्पृश्य चालत नसे. मुंबईच्या गिरण्यांतही विणकाम खाते आपल्याला बंद होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे. रेल्वे आणि गिरणी या त्या काळातल्या सर्वात आधुनिक संघटना होत्या. यंत्र नवे आले म्हणून जात आपोआप जात नाही, तिला घालवावी लागते, हा त्याचा धडा.

त्यानंतर 1950 साली मिलिंद महाविद्यालय सुरू झाले आणि मराठवाड्याच्या वाड्यावस्त्यांवरची पोरे नागसेनवनात आली. ज्यांच्या आईबापांनी दुसऱ्याच्या बांधावर आयुष्य काढले, ती पोरे मास्तर, कारकून, अभियंता, तहसीलदार झाली. ही पिढी कुणाच्या मेहरबानीने उभी राहिली नाही. मंजूर पद, जाहिरात, बिंदुनामावली, आरक्षण आणि कायम नेमणूक या पाच दगडांवर ती उभी राहिली.

आज नेमके हेच पाच दगड एकेक करून काढले जात आहेत. आणि ते काढताना कोणी 'आम्ही आरक्षण बंद करतो' असे म्हणत नाही. 'आम्ही कारभार व्यावसायिक करतो' असे म्हणतात!

हर्सूलकडेच पाहा. शहराचा पाणीपुरवठा 2014 साली एका खासगी कंपनीच्या हवाली करण्यात आला. महापालिकेला जमत नाही, कंपनीला जमेल, असा प्रचार झाला. दोनच वर्षांत, 2016 साली, तो करार महापालिकेला रद्द करावा लागला. मग कचऱ्याची पाळी आली. फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावच्या डेपोविरुद्ध आसपासचे गावकरी उभे राहिले आणि शहरात कचऱ्याचे ढीग लागले. मिटमिट्यात दगडफेक झाली. शेवटी चिकलठाणा, पडेगाव, कांचनवाडी आणि हर्सूल येथे प्रक्रिया केंद्रे करण्याचे ठरले आणि 2019 पासून घरोघरचा कचरा उचलण्याचे काम खासगी कंपनीकडे गेले. घंटागाड्या आल्या, गणवेश आले. हे वाईट झाले असे आम्ही म्हणत नाही. पण गाडीच्या मागे उभे राहून ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या हातांची वस्ती बदलली काय? ती जुनीच आहे. बदलली ती फक्त हजेरीची वही. पूर्वी ती महापालिकेची होती, आता ठेकेदाराची आहे.

आधुनिक संघटनेची ही नवी रीत नीट समजून घेतली पाहिजे. ती कामाचे दोन तुकडे करते. डोक्याचे काम सल्लागार कंपनीला आणि हाताचे काम ठेकेदाराला. मधला जो माणूस होता, ज्याला कामही येत होते आणि निर्णयही घेता येत होता, त्याचे पद 'रिक्त' ठेवले जाते. ब्रिटनमध्ये 1980 नंतर थॅचरबाईंच्या राजवटीत सरकारी कारभार कंपनीसारखा चालवण्याचे वारे सुटले आणि डॉक्टर-शिक्षकांच्या डोक्यावर उद्दिष्टांचे तक्ते आले. तेच वारे आपल्याकडे पोचले आहे. अंगणवाडीताईच्या हाती 2021 पासून पोषण ट्रॅकर आला. बाळाचे वजन का घटले हे तिला कळते, पण मोबाइलमध्ये रकाना भरला की नाही यावर तिचे काम मोजले जाते. तिला सरकार कर्मचारीसुद्धा म्हणत नाही. तिच्याकडून शिस्त कर्मचाऱ्याची आणि तिला मिळते ते मानधन!

सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाह्ययंत्रणेमार्फत मनुष्यबळ घेण्यासाठी नऊ संस्था नेमल्या. पदांचे वर्ग केले चार: अतिकुशल, कुशल, अर्धकुशल आणि अकुशल. चार हा आकडा आम्हांला फार जुना ओळखीचा आहे! बेरोजगार तरुण रस्त्यावर उतरले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द झाला. निर्णय रद्द झाला, पण रीत रद्द झाली नाही. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रात 45 वरिष्ठ पदांवर थेट भरतीची जाहिरात निघाली. तीत आरक्षण नव्हते. देशभर ओरड होताच तीन दिवसांत ती मागे घेतली गेली. खाली ठेकेदार आणि वर थेट भरती, म्हणजे जिन्याची पहिली पायरीही काढली आणि शेवटचीही.

विद्यापीठाचेही तेच. ज्या विद्यापीठाच्या नामांतरासाठी 1978 पासून 14 जानेवारी 1994 पर्यंत माणसांनी जीव दिले, घरे जाळून घेतली, त्या मराठवाड्यात आज सेट, नेट, पीएच.डी. झालेला आपला मुलगा तासिका तत्त्वावर शिकवतो. सुट्टी लागली की त्याची मिळकत थांबते. दुसरीकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही सोय काढली. उद्योगातला अनुभवी माणूस पदवीच्या अटीशिवाय, मंजूर पदांच्या बाहेर प्राध्यापक होणार. अनुभवाला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न साधा आहे. पिढ्यान्पिढ्या चामड्याचे, बांबूचे, हलगीचे काम करणाऱ्याचा अनुभव या 'प्रॅक्टिस'मध्ये मोजणार आहात काय? की अनुभव फक्त कंपनीच्या केबिनमधलाच खरा?

कायदाही याच दिशेने वळला आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या. संस्थेच्या मुख्य कामात कंत्राटी मजूर नको, असे त्यातली एक संहिता म्हणते. वाचायला बरे वाटते. पण पुढे यादी आहे: साफसफाई, कचरा उचलणे, पहारा, हमाली, बागकाम, कपडे धुणे. ज्या संस्था याच कामासाठी स्थापन झाल्या नसतील, तिथे ही कामे मुख्य धरायची नाहीत! बंधूंनो, ही यादी पुन्हा एकदा वाचा. ही कामे कुणाच्या वाट्याला आली होती हे सांगायला इतिहासकार लागत नाही. गावकीच्या व्यवस्थेत जी कामे गावकुसाबाहेर होती, ती नव्या व्यवस्थेत 'मुख्य कामा'बाहेर गेली.

आता त्याच हर्सूलमधल्या तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे तुरुंगाकडे वळू. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलीत जात पाहून कामे वाटण्याच्या तरतुदी होत्या. झाडलोट एका जातीला, स्वयंपाक दुसऱ्या जातीला. न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरवल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. जाती म्हणजे केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी 1936 साली मांडले होते. तुरुंगाच्या भिंतीआडचा तो प्रकार मोडायला 2024 साल उजाडावे लागले. पण तुरुंगात निदान रकाना लिहिलेला होता म्हणून तो खोडता आला. ठेकेदाराच्या वहीत जातीचा रकानाच नसतो. तिथे काय खोडणार? जात लिहायची नाही आणि जातीप्रमाणेच काम द्यायचे, हीच आजची 'व्यावसायिकता' आहे!

कुणी म्हणेल, कायम कर्मचारी तरी कुठे धड काम करतात? लाच घेतात, वेळेवर येत नाहीत. आरोप पूर्ण खोटा नाही, आणि त्यात आपलीही माणसे आहेत. पण वेळेवर न येणाऱ्या मास्तरावर कारवाई करायची की मास्तरकीच मोडायची? ठेकेदाराचा माणूस घाबरून वेळेवर येईल, पण चुकीच्या बिलावर सही करायला नकार देणार नाही. भीतीने शिस्त येते, सचोटी येत नाही. सचोटीला पाठीमागे हमी लागते.

आणि थोडे स्वतःलाही विचारू या. 18 मार्च 1956 रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी खंत व्यक्त केली होती. ज्यांना कायम नोकरी मिळाली, त्यांच्या संघटना पदोन्नतीसाठी कोर्टात गेल्या. त्यात गैर नाही. पण त्याच कार्यालयात ठेक्यावर राबणाऱ्या पोराला किती संघटनांनी सभासद करून घेतले? तो चहा आणून देतो, संगणक चालवतो, साहेबांचे टिपण तयार करतो आणि महिनाअखेर ठेकेदाराच्या दारात उभा राहतो. तो आपल्याच वस्तीतला आहे.

लढले की मिळते, याचेही दाखले आहेत. मुंबई महापालिकेच्या 2700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात लागला, तो कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या चिवट लढ्यामुळे. डिसेंबर 2024 च्या जग्गो खटल्यात त्याच न्यायालयाने वर्षानुवर्षे कायम स्वरूपाचे काम करून घेऊन माणसाला तात्पुरता ठेवण्याच्या सरकारी वृत्तीवर ताशेरे ओढले. 45 दिवस वा अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांत आरक्षण आहे, असे केंद्र सरकारनेच 2023 मध्ये न्यायालयात सांगितले आहे. मग बाह्ययंत्रणेच्या नेमणुकांत ते का नाही?

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. सरकारी पैशातून पगार दिल्या जाणाऱ्या प्रत्येक जागेवर, मग ती ठेकेदारामार्फत भरलेली का असेना, आरक्षण लागू करा. ठेक्यावर किती माणसे आणि त्यात कोणत्या प्रवर्गाची किती, हे दरवर्षी जाहीर करा. समान कामाला समान वेतन द्या, ते 2016 च्या जगजितसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेच आहे. आणि कर्मचारी संघटनांनी आपले दरवाजे कंत्राटी कामगारांना उघडावेत. ही शेवटची मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडेच आहे. तिच्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

हर्सूलच्या केंद्रावर कचरा निवडणाऱ्या बाईला कोणी प्रोफेशनल म्हणत नाही. पण कोणता कचरा कुजेल, कोणता जळेल, कशाने हात कापेल हे तिला कळते. तिच्या ज्ञानाला मान, तिच्या शब्दाला वजन आणि तिच्या नोकरीला हमी ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी या देशातल्या संस्था आधुनिक झाल्या असे आम्ही समजू. तोपर्यंत पाट्या कितीही बदलोत, आम्ही पायऱ्याच मोजत राहू.

जयभीम!