विश्लेषण : पत्त्याची जागा रिकामी, म्हणून दार सगळ्यांना उघडे?

मोबाइलवर बँकेचे ॲप उघडा, रेल्वेचे तिकीट काढा किंवा हा ई-पेपर वाचा. पलीकडे कुठला तरी सर्व्हर तुमच्या जोडणीची वाट पाहत असतो. ती जोडणी स्वीकारण्याचे काम प्रोग्रॅममधल्या जेमतेम तीन-चार ओळी करतात. त्यातल्या एका ओळीत एक जागा रिकामी राहिली, तर दार कुणाकुणाला उघडे राहते, हा प्रश्न फक्त प्रोग्रॅमरचा नाही. दाराआड असलेली माहिती तुमची-आमची असते.

जोडणी स्वीकारली कशी जाते?

प्रोग्रॅम आधी ‘सॉकेट’ तयार करतो. मग ‘बाइंड’ करून कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या पोर्टवर थांबायचे, हे ऑपरेटिंग सिस्टीमला सांगतो. पत्ता म्हणजे इमारत मानली, तर पोर्ट म्हणजे फ्लॅट नंबर. सुरक्षित वेबसाइटसाठी ४४३ हा नंबर ठरलेला आहे. त्यानंतर ‘लिसन’, म्हणजे येणाऱ्यांची रांग लावणे. शेवटी ‘ॲक्सेप्ट’, म्हणजे रांगेतली पहिली जोडणी आत घेणे. प्रत्येक जोडणीसाठी ॲक्सेप्ट नवे सॉकेट देते आणि मूळ सॉकेट पुढच्या पाहुण्यासाठी दारातच थांबते.

मात्र, ॲक्सेप्ट कुणाचे ओळखपत्र तपासत नाही. पाहुणा कोणत्या आयपी पत्त्यावरून आला एवढेच ते सांगते, तेही जोडणी झाल्यावर. पासवर्ड विचारायचा की नाही, हे पुढच्या ओळी लिहिणाऱ्याच्या हाती असते.

मग अडचण कुठे आहे?

बाइंडच्या पत्त्यात. तिथे १२७.०.०.१ लिहिले, तर फक्त त्याच संगणकावरचे प्रोग्रॅम जोडले जातात. ०.०.०.० लिहिले, तर संगणक ज्या ज्या नेटवर्कवर आहे, त्या सगळ्यांवरून जोडणी येऊ शकते. आणि काहीच लिहिले नाही तर? पायथनमध्ये पत्त्याच्या जागी रिकामे अवतरण ठेवा, जावाच्या सर्व्हरसॉकेटला किंवा नोडला नुसता पोर्ट नंबर द्या, गो भाषेत फक्त कोलन आणि पोर्ट लिहा. चारही ठिकाणी अर्थ एकच निघतो : सगळीकडून येऊ द्या.

इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये क्लायंट-सर्व्हर चॅटचा प्रोग्रॅम आमच्या बॅचने असाच लिहिला. आउटपुट आले की सही मिळायची. ती जागा रिकामी का, हे तोंडी परीक्षेतही कुणी विचारले नाही.

याची किंमत कुणी मोजली?

जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबी या डेटाबेसच्या हजारो प्रती इंटरनेटवर उघड्या सापडल्या. कुठे पासवर्डच नव्हता आणि जोडणी कुणाचीही स्वीकारली जात होती. हल्लेखोरांनी कुलूप फोडले नाही. ते सरळ आत गेले, डेटा पुसला आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागणारी चिठ्ठी ठेवली. त्याच वर्षाअखेर आलेल्या ३.६ आवृत्तीपासून हा डेटाबेस मुळातच फक्त स्वतःच्या संगणकावरून जोडणी घेऊ लागला. रेडिस या डेटाबेसने २०१६ मध्येच ३.२ आवृत्तीत अशी संरक्षक सोय आणली होती.

डिफॉल्ट काय असावे?

माझे मत स्पष्ट आहे : रिकाम्या जागेचा अर्थ ‘फक्त मी’ असा हवा, ‘सगळे’ असा नको. ज्याला जगासाठी दार उघडायचे आहे, त्याने ते लिहून उघडावे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, सर्व्हर असतोच मुळी बाहेरच्यांसाठी. दार बंद ठेवले तर नवशिके गोंधळतील. गोंधळतील, हे खरे. पण बंद दार पहिल्याच दिवशी लक्षात येते. उघडे दार चोरी झाल्यावर कळते. पायथनमधल्या जँगो आणि फ्लास्क यांचे चाचणीचे सर्व्हर आधीपासून १२७.०.०.१ वरच थांबतात, आणि त्यामुळे कुणाचे शिकणे अडलेले नाही. दुसरा आक्षेप फायरवॉलचा. फायरवॉल हवीच, पण सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे म्हणून कुणी घराचे दार उघडे टाकून झोपत नाही.

जुन्या भाषांचे नियम लगेच बदलणार नाहीत. बदलले तर असंख्य चालू प्रोग्रॅम बंद पडतील. म्हणून सवय आपल्यालाच बदलावी लागेल.

तुम्ही काय करू शकता?

विद्यार्थी असाल, तर चाचणीच्या वेळी पत्ता स्पष्ट लिहा. हॉस्टेल किंवा कॅफेच्या वायफायवर तुमचा उघडा सर्व्हर शेजारच्या टेबलावरूनही दिसू शकतो. शिकवत असाल, तर तोंडी परीक्षेत हा एक प्रश्न वाढवा. प्रोग्रॅमिंगशी संबंध नसला, तरी घरचा वायफाय राउटर आणि सीसीटीव्ही कॅमेरा हेही जोडणी स्वीकारणारे छोटे संगणकच आहेत. त्यांचा कंपनीने दिलेला पासवर्ड आजच बदला आणि बाहेरून पाहण्याची सोय लागत नसेल, तर बंद ठेवा.