प्रिंटर मेला नव्हता, मुका होता

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. हा लेख इंग्लिश सेक्शनला दिला असता तर ऑफिसमधल्या काकांनी वाचला नसता, आणि त्यांनीच तर वाचायला हवा.

हॉस्टेल ऑफिसमधला लेझर प्रिंटर तुम्हाला माहीत असेलच. (नसेल तर तुम्ही जर्नल वेळेवर पूर्ण करणाऱ्यांपैकी आहात. लांब राहा!) एक्सपीच्या जुन्या पीसीवर तो वर्षानुवर्षं चालला. मग पीसीचा मदरबोर्ड उडाला, 64-बिट विंडोजचा नवा पीसी आला आणि प्रिंटर 'खराब' ठरला. खराब कसला? टोनर अर्धा शिल्लक, रोलर ठणठणीत. पण कंपनीने त्याचा ड्रायव्हर फक्त 32-बिटचा काढलेला, आणि 64-बिट विंडोजला तो चालत नाही. कंपनीचं उत्तर, नवीन मॉडेल घ्या. झालं! प्रिंटर स्क्रॅपच्या यादीत आणि आम्ही मुली गेट बंद व्हायच्या आत झेरॉक्सच्या रांगेत.

भानगड अशी आहे. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या सगळ्यांना माहीत असलेल्या भाषा. त्या समजणारा प्रिंटर कुठल्याही सिस्टिमशी बोलतो. स्वस्तातल्या प्रिंटरला स्वतःचं डोकं कमी. पानावरचा ठिपका न् ठिपका कॉम्प्युटरनेच तयार करायचा आणि कंपनीच्या खाजगी बोलीत पाठवायचा. पहिल्या वर्षी मेसच्या मावशी 'कालवण' म्हणाल्या की माझंही असंच व्हायचं, पण मावशी निदान समजावून सांगायच्या. कंपनी सांगत नाही.

हे दुखणं जुनंच आहे. 1980 च्या सुमारास एमआयटीच्या लॅबमध्ये झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांना मेसेज जावा म्हणून रिचर्ड स्टॉलमनला त्याचा सोर्स कोड हवा होता. तो मिळाला नाही. त्याने 1983 मध्ये जीएनयू जाहीर केलं, त्यामागे हा रागही होता.

आम्ही लॅबमधल्या भंगार पीसीवर लिनक्स टाकलं. कोणीतरी अनोळखी माणसांनी या प्रिंटरची बोली नुसती ऐकून ऐकून, म्हणजे केबलवरचा डेटा तपासून, फुकट ड्रायव्हर लिहून ठेवलाय. दोन रात्री गेल्या. पान काही येईना. मग कळलं की या महाशयांचं फर्मवेअर आत साठतच नाही. लाईट गेली की सगळं विसरतात आणि प्रत्येक वेळी पुन्हा पाठवावं लागतं. (परीक्षेतली मीच!) ते आपोआप जाईल अशी स्क्रिप्ट टाकली, आणि पहाटे तीनला मेसचं मेनू कार्ड छापून आलं.

माझं म्हणणं, सपोर्ट बंद करायचा तर करा, पण जाताना ती बोली जाहीर करून जा. आणि आपल्या कॉलेजनेही कोटेशन मागवताना किमतीच्या आधी 'पोस्टस्क्रिप्ट आहे का?' हे विचारावं.

प्रिंटर सध्या जिन्याखाली चालू आहे. यादीतून त्याचं नाव काढायला स्टोअरची सही बाकी आहे. रेक्टर मॅडम, शनिवारी स्क्रॅपवाला येतोय, तेवढं बघाल?