परसांतील हसन्ती

गेल्या मार्गशीर्षांत आमचा पुण्याचा नातू येथें मुकुटबनास आला, तो मोबाइलवर एका यंत्राचें चित्र घेऊनच. लोखंडाचें आडवें पिंप, त्यास झांकण, वर धुरांडें आणि कडेला लहानशी भट्टी, असें तें यंत्र. "आजोबा, हें परसांत ठेवूं. हुरड्याला सगळी मंडळी जमतात, तेव्हां उपयोगीं पडेल," असें त्याचें म्हणणें. किंमत ऐकून आमच्या घरच्या मंडळींनीं हातांतील सूप खालीं ठेवलें. निवाडा मजकडे आला. आणि मास्तरांची खोड अशी कीं, साध्या प्रश्नालाही ते आधीं कोश उघडतात.

अमरकोशाच्या वैश्यवर्गांत शेगडीस अंगारधानिका, अंगारशकटी, हसन्ती आणि हसनी अशीं नांवें आहेत. आपली शेगडी ही त्या शकटीचीच लेक. हसन्ती म्हणजे हंसणारी. काळोखांत फुललेले निखारे ज्यानें पाहिले आहेत, त्यास या नांवाची फोड करून सांगावयास नको. सळईवर भाजलेल्या पदार्थासही तेथेंच शूल्य आणि भटित्र हे शब्द दिलेले आहेत. तेव्हां नातवाचें यंत्र नवें असलें, तरी हौस पुरातन आहे.

त्या आडव्या पिंपाचें शास्त्र मात्र समजून घेतलें पाहिजे. त्यांत विस्तव एकीकडे आणि पदार्थ दुसरीकडे असतो. शंभर ते सव्वाशें अंश सेल्सियसच्या मंद धगीवर तासन् तास राहून मांसाचे चिवट तंतू मऊ व्हावे, हा त्याचा मुख्य हेतु. आमच्या घरांत मांस शिजत नाहीं. वांगें, रताळें, मक्याचें कणीस, हुरडा यांस दहा तासांच्या धुराचें काय प्रयोजन? वांग्यास तर उलट भडक धग हवी. साल करपावी आणि गर आपल्याच पाण्याच्या वाफेंत शिजावा, तेव्हां भरीत साधतें. रोडग्यांची गोष्ट काढूंच नये. गोवऱ्यांच्या आरावांचून रोडगा म्हणजे काय, हें वऱ्हाडांतील कोणत्याही गृहिणीस विचारावें. धुराचा वासच हवा असेल, तर भरताच्या पातेल्यांत एक वाटी ठेवावी, वाटींत लाल निखारा, त्यावर चमचाभर तूप, आणि पांच मिनिटें घट्ट झांकण. एवढ्यासाठीं पिंप विकत घेणें मला पटलें नाहीं.

नातवाचें तोंड उतरलें. म्हणून मधला मार्ग काढला, तो गोल झांकणाच्या शेगडीचा. हिची कथा गमतीची आहे. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यांत पाण्यावर तरंगणारे, नौकांस खूण दाखविणारे लोखंडी गोळे बनत. तेथील जॉर्ज स्टीफन या गृहस्थांनीं १९५२ सालीं तसला एक गोळा मधोमध कापला. खालच्या अर्ध्यांत विस्तव, वरचा अर्धा झांकण! उघड्या शेगडीवर वाऱ्यानें होणाऱ्या त्रासास ते कंटाळले होते. आमच्याकडे माघांतला वारा ज्यांनीं सोसला आहे, त्यांस त्यांचें दुःख कळेल.

अशी शेगडी घेतांना रंग पाहूं नये, छिद्रें पाहावीं. खालून हवा आंत यावी व वरून बाहेर जावी, आणि दोन्ही ठिकाणीं सरकतीं झांकणें असावीं. धग कमीअधिक करण्याची सारी किल्ली तीच. पत्रा जाड असावा. पातळ पत्रा दोन हिवाळ्यांत वांकतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा कितीही चकाकला तरी घेऊं नये. फार तापला कीं त्यांतून विषारी धूर निघतो. पाय रुंद असावेत, कारण घरांत मुलें आहेत.

इंधनाविषयीं एका शेजाऱ्यांनीं विचारलें, "मास्तर, वणीच्या खाणी जवळ असतां कोळसा विकत कशाला?" तो दगडी कोळसा. त्यांत गंधक व डांबरी द्रव्यें असतात. त्याच्या धुरावर अन्न भाजूं नये. आपणांस हवा लोणारी, म्हणजे लांकडाचा कोळसा. बाभळीचा असल्यास उत्तम. रंग दिलेलीं फळकुटें जाळूं नयेत. आणि कण्हेरीची काडी तर जाळूंही नये, कणसांत खोंचूंही नये.

आतां जें सांगावयाचें, तें सांगण्यास मला लाज वाटते. पांच वर्षांपूर्वीं पौषांत असाच हुरडा झाला. थंडी कडाक्याची. मंडळी निजावयास गेलीं, तेव्हां शेगडींत निखारे शिल्लक होते. धूर तिळमात्र नव्हता. "धूर नाहीं, मग भय कसलें?" असें म्हणून मींच ती शेगडी उचलून माजघरांत ठेविली आणि खिडक्या लावून घेतल्या. मध्यरात्रीं तांब्या पडल्याचा आवाज आला. धाकट्या सूनबाई पाणी घ्यावयास उठल्या होत्या. डोकें फुटतें आहे, मळमळतें आहे, पाय ठरत नाहींत. शेजारीं निजलेली चार वर्षांची नात हांका मारूनही डोळे उघडीना. तिला उचलून अंगणांत आणलें, सर्वांस बाहेर काढलें आणि वणीस नेलें. तेथें डॉक्टरांनीं प्राणवायु दिला. सकाळीं नातीनें दूध मागितलें, तेव्हां मी खालीं बसलों.

विझत चाललेल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनाशीं तो प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पटींनीं चिकटतो, आणि मनुष्य झोंपेंतच गुदमरतो. हवा कोंडली कीं तो अधिकच होतो. म्हणून शेगडी, पेटती असो वा विझती, उंबऱ्याच्या आंत आणूं नये. राखेंतील निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहूं शकतो. पाणी शिंपून, हलवून, पुन्हा शिंपून मगच ती झाडाच्या आळ्यांत टाकावी. शेगडी घरांत असतां दोघांतिघांचें डोकें एकदम दुखूं लागलें, तर कारणांची चर्चा बाहेर उघड्यावर येऊन करावी.

संक्रांतीच्या आधीं गोल शेगडी आली. धाकट्या सूनबाईंनीं ती येण्यापूर्वींच मागील दारापासून पंधरा पावलांवर, विहिरीकडे, चार फरशा बसवून घेतल्या होत्या. घरच्या मंडळींनीं पहिलें वांगें भाजून "चुलीसारखें नाहीं" असा अभिप्राय दिला, आणि भरीत दुसऱ्यांदा वाढून घेतलें.