वर्गातील विहीर आणि जमिनीतील पाणी

मराठवाड्यात उन्हाळा आला की विंधन विहिरींची यंत्रे गावोगाव फिरू लागतात. त्यांच्यापुढे पाणाड्या हाती नारळ घेऊन चालतो, आणि जमिनीखाली कोठेतरी अखंड समुद्र आहे, तो केवळ खोल गेल्याने हाती लागेल, ही समजूत शाळा शिकलेल्यांच्याही मनातून जात नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शाळांतून भूजल शिकवताना प्रतिकृतीचा आग्रह धरावयाचा तो याच कारणासाठी.

काचेच्या पेटीत वाळू भरून, तीत नळ्या रोवून पाणी उपसून दाखवणे ही रूढ रीत. ती चुकीची नाही. पण ती गंगेच्या मैदानाची प्रतिकृती आहे. वाळूत कोठेही नळी घातली तरी पाणी लागते. महाराष्ट्राचा सुमारे 81 टक्के भाग मात्र लाव्हारसाच्या थरांतून झालेल्या काळ्या पाषाणाचा आहे. येथे पाणी मुरते ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांमधील सांध्यांत. कठीण पाषाणात भेग नसेल तर पाण्याला जागाच नाही. मांजऱ्या खडकात पोकळ्या दिसतात, परंतु त्या खनिजांनी भरलेल्या अथवा एकमेकींना न जोडलेल्या असतील, तर तेथून पाणी वाहणार नाही. पोकळी असणे आणि पाणी वाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकातील व्याख्येने क्वचितच उमगते.

तेव्हा पेटीत तळाशी दगडाचे सपाट तुकडे रचावेत, त्यांच्या फटीत जाड वाळू घालावी, वर मुरूम व काळी माती पसरावी. एक नळी फटीत उतरवावी, दुसरी अखंड दगडावर टेकवावी. वरून झारीने पाणी घालून थोडे थांबले की पहिल्या नळीत पाणी चढते. दुसरी जवळजवळ कोरडी राहते. शेजारच्या दोन शेतांत एकाची विहीर भरलेली आणि दुसऱ्याची कोरडी का, याचे उत्तर मुलांना डोळ्यांदेखत मिळते. मग त्याच फटीत तिसरी नळी घालून पिचकारीने जोराने उपसा करावा. पहिलीचे पाणी उतरते. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध का घातले, हे मग कलमे पाठ न करता समजते.

या शहरात तर प्रतिकृतीहून मोठे उदाहरण उभे आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने बांधवलेली नहर-ए-अंबरी उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे मुरलेले पाणी भूमिगत मार्गाने शहरात आणत असे. पाणी उताराने येई. उपशाचे यंत्र नव्हते, म्हणून जमीन जेवढे देई तेवढेच मिळे. पंचक्कीला सहल नेणाऱ्या शिक्षकांनी जात्याच्या चाकाबरोबर पाण्याचा मूळ प्रवासही दाखवावा.

प्रतिकृतीची मर्यादा सांगणेही आवश्यक आहे. पेटीत घटकाभरात घडते त्याला शेतात महिने वा वर्षे लागतात. म्हणून तिच्या जोडीला शाळेजवळची एखादी वापरातील विहीर हवी: दर महिन्याला दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजावी आणि आकडा वर्गाच्या भिंतीवर लिहावा, पावसाळ्यानंतरचा आणि मे महिन्याचा शेजारीशेजारी.