पडद्यावरचे मंदिर दगडी मंदिराचे वैरी नव्हे

आमच्या ठाकुर्लीहून बदलापूर-कर्जतच्या बाजूला चौथे स्टेशन अंबरनाथ. तिथले शिवमंदिर इतके जवळ असताना शाळेत त्याची त्रिमितीय आभासी प्रतिकृती कशाला, मुलांना थेट तिथेच न्या, असा आक्षेप घेतला जातो. मोबाइलचे वेड आधीच काय कमी आहे आणि पडद्यावरचे खरे कशावरून, हे आणखी दोन. तिन्ही आक्षेप मुलांच्या काळजीपोटी आहेत, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवे.

मुलांना तिथे न्यायलाच हवे, यात वाद नाही. पण वर्ग सुमारे वीस पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जातो, दर्शन घेतो आणि रांगेने बाहेर येतो. त्यात कोरीव काम दिसते, बांधकाम उमगत नाही. प्रतिकृतीत मंडप उभा छेदून दाखवता येतो. छताचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवलेला आहे आणि कमानीशिवाय छत मिटत गेले आहे, हे तेव्हा कळते. ते समजून गेलेले मूल मंडपात मान वर करून नेमके काय पाहायचे ते जाणते.

आता मोबाइलच्या वेडाचा आक्षेप. एकट्याने तासन्तास मोबाइलमध्ये डोके घालणे वेगळे आणि शिक्षकांनी एका तासिकेत भिंतीवर प्रतिकृती फिरवत प्रश्न विचारणे वेगळे.

तिसरा आक्षेप मात्र रास्त आहे. मंदिरातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हे वर्ष आहे, तेव्हा काळाला पुरावा आहे. पण शिखराचा वरचा भाग आज उरलेला नाही. तो मनाने पुरा करून खरा म्हणून दाखवणे ही फसवणूकच. यावर उपाय आहे. वारशाच्या संगणकीय चित्रणासाठी २००६ साली आखलेली ‘लंडन चार्टर’ ही तत्त्वे सांगतात की पुरावा कोणता आणि अनुमान कोणते, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. अनुमानाचा भाग वेगळ्या रंगात दाखवा. या मंदिराच्या भूमिज शैलीत छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक रचत जातात. उरलेल्या ओळींवरून वरच्या कशा असतील, हे मुलांनाच ठरवू द्या. ‘हे कशावरून?’ असे विचारणे म्हणजेच इतिहास शिकणे.

आणि जे चालू स्थितीत पाहताच येत नाही, त्याचे काय? ठाकुर्लीचे रेल्वेचे चोळा पॉवर हाऊस केव्हाच बंद पडले. कोळसा जाळून केलेली वाफ, वाफेवर फिरणारे टर्बाइन आणि तिथून रेल्वेच्या तारांत जाणारी वीज, हा सारा प्रवास प्रतिकृतीतच जिवंत होईल. जुनी छायाचित्रे आणि तिथे राबलेल्या माणसांच्या आठवणी मिळताहेत तोवरच हे काम हाती घ्या. आमच्या मुलांना प्रतिकृतीही द्या आणि सहलही द्या. एकीचे निमित्त करून दुसरी नाकारू नका.